पोहे कोणी केले

“महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं?”

“पन्हाळा,” मी म्हणाले.

वांगीकर मामांनी डोळे मिटून घेतले. पोटात कळ आल्यावर माणूस मिटतो तसे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घसा खाकरला आणि “जरा घाबरलीय” असं म्हणत पोह्यांची बशी मामांच्या पुढे सरकवली.

घाबरले वगैरे काही नव्हते मी. कळसूबाई मला चौथीपासून पाठ होती, उंचीसकट. पण त्या दिवशी मला माठ ठरायचं होतं.

गोष्ट एकोणनव्वद सालची, विट्याची. मला बघायला तासगावहून आवट्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा उमाकांत, पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो मामांचा. आणि मामांच्या अटी अख्ख्या तालुक्याला माहीत होत्या. मुलगी पदवीधर पाहिजे, सामान्यज्ञान चोख पाहिजे, आणि नोकरी करणारी नको. म्हणजे विहीर खोदायची, पाणीही लागलं पाहिजे, पण काढायचं मात्र नाही. याआधी मामांनी तीन मुली नापास केल्या होत्या. त्यातली एक जपानच्या चलनावर रडली होती म्हणे.

माझी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा येत्या रविवारी सांगलीला होती आणि हे लोक आले होते गुरुवारी. फॉर्म भरताना आप्पा काही बोलले नव्हते. फॉर्मच तर आहे, भरू दे, असं त्यांचं मत. पण स्थळ आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, “कुमे, हे जमलं तर परीक्षा नाही. लग्न ठरलेली मुलगी सांगलीला पेपर देत फिरते का कुठे? आणि नोकरी करायचीच नाही तर पेपर कशाला?” आप्पा वाईट नव्हते. आई गेल्यापासून त्यांनी आणि गोदूआत्याने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. फक्त फोडाने काय व्हायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं.

नकार मी देऊ शकत नव्हते. आमच्याकडे नकार मुलाकडचे देतात. तेव्हा तो त्यांच्याकडूनच मिळवायचा, असा माझा साधा सरळ बेत होता. मामा प्रश्न विचारणार, मी चुकणार, पाहुणे चहा पिऊन जाणार आणि रविवारी मी सांगलीला.

पाहुणे आले तेव्हा मागच्या दारी पाय धुवायला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. उमाकांतची आई, सरूबाई, शेवटी आल्या. अंगाने बारीक, डोक्यावरून पदर, बोलणं जेवढ्यास तेवढं. मी तांब्या कलता केला तर म्हणाल्या, “आम्ही आत येताना तुझे ओठ हलत होते. काय म्हणत होतीस?”

“नद्या,” मी म्हणाले. “कोणती कुठे उगम पावते ते. रविवारी राज्यसेवेची परीक्षा आहे.”

“आणि हे जमलं तर?”

“तर नाही.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि टॉवेल मागितला. पुढच्या गडबडीत मी ते विसरूनही गेले.

तर पन्हाळ्यानंतर मामांनी डोळे उघडले. “बरं. सूर्याच्या सगळ्यात जवळचा ग्रह?”

“चंद्र.”

दाराआड गोदूआत्या होती. तिच्या बांगड्या वाजल्या. कपाळावर हात मारल्यावर वाजतात तशा.

चुकीची उत्तरं देणं वाटतं तितकं सोपं नसतं. थोडक्यात चुकलं तर लोक म्हणतात, पोरगी हुशार आहे, जरा हुकलं. फारच लांबचं बोललं तर थट्टा करतेय असं वाटतं. मधलं काहीतरी शोधावं लागतं, तेही लगेच, आणि चेहरा दगडासारखा ठेवून. मला वाटतं बरोबर उत्तरांना मला इतकं डोकं कधी लागलं नव्हतं.

“क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणी जिंकला?” मामांनी विचारलं. “हे तरी माहीत असेल. शेंबडं पोरही सांगेल.”

“पाकिस्तानने.”

“चूक,” मामा म्हणाले. “भारताने. त्र्याऐंशी साली.”

मी जीभ दाताखाली धरली. पहिला विश्वचषक पंच्याहत्तरचा, आणि तो वेस्ट इंडीजचा. मी चोरून उमाकांतकडे पाहिलं. त्याचा पोह्यांचा चमचा तोंडाजवळ जाऊन थांबला होता. मग तो चमचा आत गेला आणि त्याबरोबर जे काही बोलायचं होतं तेही गेलं. एकूण मुलाला येत होतं. घरात बोलायची सोय नव्हती, एवढंच.

“कोळ्याला पाय किती? हा आपल्या भिंतीवरचा कोळी, जाळं विणणारा.”

“सहा,” मी म्हणाले.

“शाब्बास!” मामा खूश झाले. “सहा. कीटकच ना तो. सगळ्या कीटकांना सहा.”

आली का पंचाईत. आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. “बघा, जरा स्थिरावली की येतं तिला,” ते म्हणाले. आता मला दुहेरी काम लागलं. बरोबर काय ते माहीत हवं, आणि मामांना ते काय वाटतं तेही ओळखायला हवं. त्यांना चुकीचं ठाऊक असेल तिथे नापास व्हायला मला खरं बोलणं भाग होतं.

“ऑस्ट्रेलियाची राजधानी?”

मी मामांकडे नीट पाहिलं. हा माणूस सिडनी म्हणणार. “कॅनबेरा,” मी म्हणाले.

“चूक. सिडनी.”

जमलं. पण जमल्याचा आनंद काही झाला नाही. बरोबर उत्तराला समोरचा ‘चूक’ म्हणतोय आणि आपण मान खाली घालून ऐकतोय, हे मला सोसेना. माठ म्हणवून घ्यायला माझी तयारी होती. सिडनी ऐकायची नव्हती.

मामांनाही बहुतेक माझी कीव आली. ते पुढे झुकले आणि लहान मुलाला विचारावं तसं म्हणाले, “बाळ, शेवटचा. पानिपतची तिसरी लढाई कुठे झाली?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पांनी ओठांनी पा-नि-पत असं करूनही दाखवलं.

“साताऱ्याला,” मी म्हणाले.

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, काळजीने. पोरीला ताप तर नाही ना, अशी ती नजर होती. मला त्यांचं वाईट वाटलं. पण रविवार आता हाताशी आला होता.

इथे मामा उठले असते तर सगळं निभावलं असतं. पण मामा उठणारे नव्हते. त्यांनी चहाचा कप घेतला, टेकून बसले आणि आप्पांना सांगायला लागले. “शेटेसाहेब, हल्लीच्या मुलांना सामान्यज्ञान नाही. मी लहान असताना आम्हाला सगळं तोंडपाठ. आता साधं बघा, चंद्रावरून पृथ्वीवरची माणसाने केलेली एकच वस्तू दिसते. चीनची भिंत. हे किती जणांना माहीत आहे?”

“नाही दिसत,” मी म्हणाले.

मी म्हणाले हे माझं मलाच नंतर कळलं.

“काय?”

“चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही. लांब आहे, पण रुंदीला आपल्या रस्त्याएवढीच आहे. ती दिसत असेल तर विटा-तासगाव रस्ताही दिसला पाहिजे.”

“कुमुद,” आप्पा म्हणाले.

“खड्ड्यांसकट,” मी म्हणाले. मग धरणाचं दार एकदा उचललं की पाणी जातं तसंच झालं. “आणि ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराच. पहिला विश्वचषक वेस्ट इंडीजचा, पंच्याहत्तर साली. सूर्याजवळचा ग्रह बुध. उंच शिखर कळसूबाई, सोळाशे सेहेचाळीस मीटर. पानिपत पानिपतलाच आहे. आणि कोळी कीटक नव्हे, त्याला पाय आठ.”

बोलून झाल्यावर मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मामांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते भाच्याकडे वळले. “उमाकांत, कोळ्याला पाय किती?”

“आठ, मामा.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

उमाकांतने बशीत राहिलेला एक शेंगदाणा चमच्यावर घेतला. “तुम्ही मला विचारलं नव्हतंत,” तो म्हणाला.

मामांनी वर पाहिलं. पाहुणे येणार म्हणून गोदूआत्याने चार दिवस घर घासूनपुसून लख्ख केलं होतं, पण तुळईच्या कोपऱ्यात एक जाळं राहिलंच होतं, आणि त्यात मालकही हजर होता. मामा उठले. खुर्ची ओढली. आप्पा “अहो, अहो” म्हणेपर्यंत ते चपला काढून खुर्चीवर चढले, चष्मा कपाळावर घेतला आणि बोट पुढे करून मोजायला लागले. कोळी हलला, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. आप्पांनी खुर्ची धरून ठेवली. खाली आम्ही सगळे माना वर करून उभे.

“आठ,” मामा म्हणाले आणि उतरले.

ते सावकाश खुर्चीवर बसले. आता हे माझ्या बापाचा अपमान करून उठणार, असं मला वाटलं. नकार हवा होता, तो मिळेल, पण असा नको होता. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले.

“पसंत,” मामा म्हणाले.

आप्पांना ते कळलंच नाही. “आं?”

“पसंत आहे मुलगी. शेटेसाहेब, मी रिटायर होऊन किती वर्षं झाली, घरात मीच प्रश्न विचारतो आणि मीच उत्तर देतो. मी चुकलो तरी सांगायला कोणी नाही. हा असा, खाली मान घालून खाणारा. ही बोलली. हिला कशाला कुठे नोकरी न् बिकरी, घरी राहील, रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसू.” त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते. “विसाव्या वर्षापासून वाट बघतोय मी अशा माणसाची.”

चांगली नापास होऊन दाराशी पोचले होते, आणि स्वतःच्याच तोंडाने पास होऊन बसले. जन्मभर रोज संध्याकाळी मामांसमोर बसून राजधान्या सांगायच्या, हे चित्र मला लख्ख दिसलं. आप्पा उठून मामांचे दोन्ही हात धरत होते. दाराआडून गोदूआत्याचा आवाज आला, “साखर आणते हं.” उमाकांतने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तो चांगला दिसत होता, आणि माझ्याकडे बघून थोडा हसलाही. त्याने ते आणखीनच अवघड झालं.

“दादा,” सरूबाई म्हणाल्या, “मी एक विचारू का?”

सगळे त्यांच्याकडे वळले. आल्यापासून त्या बैठकीत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“विचार की,” मामा खुशीत होते. “सामान्यज्ञानातलंच विचार.”

“त्यातलंच आहे.” त्यांनी मांडीवरची रिकामी बशी खाली ठेवली. “पोहे कोणी केले?”

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पोहे आत्याने करू देत, शेजारणीने करू देत नाहीतर हॉटेलातून येऊ देत, मुलगी बघायच्या दिवशी ते मुलीनेच केलेले असतात. गोदूआत्या साखरेची वाटी घेऊन दारात आलीच होती. “कुमुदनेच की,” ती म्हणाली. “कोणाला हात लावू दिला नाही.”

“सकाळी उठल्यापासून तिचंच सगळं,” आप्पा म्हणाले.

“तिला विचारलं मी,” सरूबाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत होत्या. नजर कठोर नव्हती, पण हलतही नव्हती. परीक्षा तर गेलीच होती. खोटी उत्तरं द्यायची मघापासून इतकी मारामार केली होती आणि त्यातून काही हाती लागलं नव्हतं. आता आणखी एक द्यायचा मला कंटाळा आला.

“आत्याने,” मी म्हणाले.

आत्याच्या हातातली वाटी कलली आणि थोडी साखर उंबऱ्यावर सांडली. आप्पांनी खाली पाहिलं.

“मग मला मुलगी पसंत नाही,” सरूबाई म्हणाल्या.

“अगं सरू,” मामा खुर्चीच्या कडेला आले, “पोह्यांचं काय घेऊन बसलीस? तिला कॅनबेरा माहीत आहे.”

“कॅनबेरा तू खा. प्रश्न तुझे असतात दादा, पण दोन वेळा ताटात वाढायचं मला असतं. माझे गुडघे गेलेत. मला स्वयंपाक येणारी सून हवी.”

“येतो हो तिला,” आप्पा काकुळतीला आले. “सगळा स्वयंपाक येतो. पोहे तर फार छान करते. आज आपलं तिच्या आत्यालाच वाटलं की धोका नको, म्हणून आत्याने केले.”

आप्पा खरं सांगत होते. पोहे मी दहा वर्षांची असल्यापासून करत होते आणि आत्यापेक्षा माझे मोकळे होत. पण सरूबाईंनी हात जोडले. “शेटेसाहेब, आत्ताच म्हणालात तिनेच केले. आता म्हणताय येतात. यातलं मी कोणतं धरू?”

मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. राजधान्यांवर त्यांचा शब्द चालायचा. चुलीवर चालत नसे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि मला हवा तो नकार मिळाला होता, तरी काय सांगू, अपमानाने कान तापले होते. बुधापासून पानिपतापर्यंत सगळं येणारी मी, आणि पोह्यांवर नापास.

उमाकांतने बशी खाली ठेवली. “पोहे छान होते,” तो गोदूआत्याला म्हणाला. तेवढंच.

ते गेल्यावर आप्पा बराच वेळ ओसरीवर बसून होते. शनिवारी मात्र ते म्हणाले, “आता घरात बसून तरी काय करणार आहेस. जा सांगलीला.” रविवारी पहाटे गोदूआत्याने डबा हातात दिला. उघडून बघितलं तर पोहे. “मी केलेत,” ती म्हणाली. “कोणी विचारलंच तर खरं सांग. तुला तेवढंच येतं.” पेपरात पानिपत होतं. मी सातारा लिहिलं नाही.

त्या खेपेला मी पास झाले नाही, हेही सांगून टाकते. मुख्य परीक्षेत अडकले. पुढच्या खेपेला झाले, नायब तहसीलदार म्हणून लागले, आणि या साऱ्याला वेळ मिळाला तो एकाच गोष्टीमुळे. आवट्यांनी नकार का दिला ते आठवड्याभरात विटा ते तासगाव सगळीकडे झालं. शेट्यांच्या मुलीला साधे पोहे येत नाहीत, आणि बाप खोटं बोलतो. त्यानंतर दोन वर्षं आमच्या दारात एक स्थळ आलं नाही. आप्पा खचले, आत्या देवीला नवस बोलली, आणि मी दोन वर्षं बिनघोर अभ्यास केला.

एक राहिलं सांगायचं. पाहुणे निघताना सवाष्णीला हळदकुंकू लावायची आमच्याकडे पद्धत, आणि नवरा गेलेल्या बाईला कोणी आत बोलवत नाही. सरूबाई आपणहून आल्या. मी स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होते, डोळे पुसत. त्यांनी करंडा उचलला आणि मलाच कुंकू लावलं.

“रडू नकोस,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आता गावभर होईल तुला पोहे येत नाहीत म्हणून. होऊ दे. एकदोन वर्षं कोणी फिरकणार नाही. तेवढ्यात तुझं काय ते करून घे.”

बाहेरून मामा हाका मारत होते.

“मलाही विचारलं होतं,” सरूबाई म्हणाल्या. “पोहे मावशीने केले होते. मॅट्रिकच्या परीक्षेला बसायचं होतं मला, फॉर्म भरला होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणाले, मीच केले.”

त्यांनी ओट्यावरच्या कढईकडे पाहिलं. तळाशी थोडे पोहे राहिले होते.

“तेव्हापासून मीच करतेय,” त्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा पदर नीट केला, बाहेर गेल्या आणि भावाला म्हणाल्या, “चल दादा, एसटी चुकेल.”